पान एकशे बारा

ढवणांचं अक्षर बोरा बाजारातल्या आमच्या छापखान्यात
फक्त मला लागायचं.
बारीक, उजवीकडे झुकलेलं, काने तुटलेले,
जणू गुडघ्यावर कागद ठेवून
कुणी हाक मारायच्या आत उरकलेलं.

लान्स नाईक बाळोजी ढवण, मराठा पलटण.
हे त्यांनी कधी सांगितलं नाही.
पगारपत्रकावर उपसंपादक, रात्रपाळी, इतकंच.
पण मशीनचा पट्टा फाडकन तुटला त्या रात्री
सगळे दाराकडे धावले, आणि ढवण टेबलाखाली,
छातीशी माझी कंपोझिंग स्टिक धरून.
बाहेर आले, धोतर झटकलं, म्हणाले,
"लोके, चौथ्या कॉलमातल्या 'निधन'चा नि ऱ्हस्व कर."

बातमी कोरडी लिहायचे.
आगीत किती, पाण्यात किती,
कोण ओळखू आले, कोण नाही.
नवा पोरगा 'भीषण' लिहून आला की विचारायचे,
"तू होतास तिथे?"
नव्हतो म्हणाला की भीषण गेलं.
होतो म्हणाला तरी गेलंच.

भावाचं मला फणसवाडीत कळलं, त्यांच्या भावजयीकडून.
हे इटलीत, नदीकाठच्या चिखलात, हातात ब्रेनगन,
म्हणून घरातली सगळी काळजी यांच्याच नावची.
गेला तो धाकटा, भिवा,
गोदीत कापसाच्या गाठी मोजणारा,
चव्वेचाळीसच्या एप्रिलात, चारचा चहा व्हायचा होता तेव्हा.
आईनं नवस थोरल्यासाठी बोलला होता.
पावला.
पत्र पलटणीत पोचलं जूनमध्ये,
'गोदी' या शब्दावर सेन्सॉरची काळी शाई.
भाऊ मेला, हे वाचता आलं.
कुठे, ते नाही.

मग कादंबरी.
रात्रपाळी सुटल्यावर, रद्दी प्रुफांच्या पाठीवर, कितीतरी वर्षं.
मालक म्हणाले, लढाईचं लिहा, खपेल.
ढवणांनी गोदीचं लिहिलं.
जिथे ते नव्हते तिथलं एकेक मिनिट:
कुठल्या शेडचा पत्रा आधी लाल झाला,
बंबवाल्यांनी एकमेकांना काय शिव्या दिल्या,
हमालांच्या डब्यात त्या दिवशी कुठलं कालवण होतं.
हे सगळं माझगाव, वाडीबंदरच्या दारोदार विचारून.
आणि नदी, जिथे ते होते,
ती एका पानावर येते.
"पहाटे आम्ही पलीकडे गेलो."
पूर्णविराम.
समासात लाल शाईनं: इथे सहा ओळी कोऱ्या सोडाव्यात.

कोरं सोडणं म्हणजे काही न करणं नव्हे,
वाचणाऱ्याला हे ठाऊक नसतं.
शिशाच्या पट्ट्या भराव्या लागतात,
अक्षराहून ठेंगण्या, शाई न लागणाऱ्या,
नाहीतर पान ढिलं पडतं, खालचा मजकूर वर सरकतो.
मी भरल्या.
हाताला जड लागतात, अक्षरांपेक्षा थोड्या जास्तच.

प्रूफ परत आलं तर सहाच्या आठ.
दुसऱ्या प्रुफाला अकरा.
मी वैतागलो. "ढवण, पुढची सगळी पानं हलतात."
ते चष्मा पुसत राहिले.
"अकरा होते रे, पलीकडे.
आधी मला सहाच आठवत होते."

तिसरं प्रूफ मी पाठवलंच नाही.

दोनशे चाळीस प्रती गेल्या.
एका परीक्षणात छपाईला ठपका:
पान एकशे बारावर मजकूर गळला आहे.
मालक कडाडले, शुद्धिपत्र काढा.
ढवणांनी चिटोऱ्यावर लिहून दिलं,
"मजकूर पूर्ण आहे."
ते काही छापलं गेलं नाही.
माझ्या पगारातून तीन रुपये कापले मात्र.

दुसऱ्या दिवशी ते केसमध्ये सापडले,
'ळ'च्या खणात, खिळ्यांखाली,
जिथे माझ्याशिवाय कुणाचा हात जात नाही.